उषस्तीचे उडीद आणि वायफायचं फर्मवेअर

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. वाढीव मुदतीची सोय होती, पण ती तात्पुरती. विंडोज ११ घालावं तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी आणि प्रोसेसरही ठरावीक पिढीच्या पुढचा. त्यामुळे कीबोर्ड शाबूत, स्क्रीन स्वच्छ आणि कामाला चोख असे कितीतरी लॅपटॉप एका रात्रीत अपात्र ठरले. मग घरातला कुणी भाचा लिनक्सचा पेन ड्राइव्ह घेऊन येतो आणि विचारतो, “काका, डेबियन टाकू की उबुंटू?” काका म्हणतात, “तुला बरं वाटेल ते टाक, बँकेचं काम चाललं म्हणजे झालं.” त्या पेन ड्राइव्हवर काय असावं आणि काय नसावं, यावर मात्र वर्षानुवर्षं एखाद्या धर्मसभेत शोभावा असा वाद झालेला आहे, आणि त्याचा काकांना पत्ताही नसतो.

या क्षेत्रात धर्माची भाषा नवी नाही. उंबेर्तो इको यांनी १९९४ साली ‘लेस्प्रेसो’ साप्ताहिकातल्या आपल्या सदरात मॅकिंटॉशला कॅथलिक आणि डॉसला प्रोटेस्टंट ठरवून टाकलं होतं. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन भाषणाच्या शेवटी झगा घालून, संगणकाच्या जुन्या डिस्कची तबकडी डोक्यावर प्रभावळीसारखी लावून संताचं सोंग आणतात. या दोन्ही थट्टा. टेरी डेव्हिस या अमेरिकन प्रोग्रामरची गोष्ट थट्टेची नव्हती. गंभीर मानसिक आजाराशी झगडत त्यांनी एकट्यानं ‘टेंपलओएस’ ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. ती ईश्वराचं मंदिर आहे आणि ६४० बाय ४८० ठिपके व १६ रंग ही मर्यादा ईश्वरानेच घालून दिली आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. २०१८ साली ते वारले. पण ही सगळी दैवताची चर्चा झाली. खरी अडचण आचाराची आहे.

स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम बनवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, तो सोय म्हणून नव्हे. ज्या प्रणालीचा मूळ कोड वापरणाऱ्याला वाचता येत नाही, बदलता येत नाही, शेजाऱ्याला देता येत नाही, ती त्यांच्या लेखी अन्यायकारक. महाग असणं किंवा वाईट चालणं हा मुद्दाच नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचं कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आणलं, पण त्यांना या नैतिक भूमिकेत फारसा रस कधीच नव्हता. कोड खुला असला की तो चांगला होतो, एवढं त्यांना पुरे. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेलं डेबियन मात्र स्टॉलमन यांच्या जवळचं. १९९७ मध्ये डेबियनच्या स्वयंसेवकांनी एक ‘सामाजिक करार’ लिहून काढला. त्यातलं पहिलंच वचन असं की ही प्रणाली शंभर टक्के मुक्त राहील.

वचन मोडायची वेळ आणली वायफायच्या कार्डानं.

त्या कार्डात स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो आणि त्याला चालवणारा एक छोटा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, लागतो. कार्डावर तो कायमचा साठवायचा तर स्मृतीची चिप घालावी लागते. तेवढा खर्च वाचवायला बरेच उत्पादक तो ऑपरेटिंग सिस्टीमनं दर वेळी पुरवावा अशी व्यवस्था करतात. प्रोग्राम उत्पादकाचा आणि त्याचा कोड बंद. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये वचनानुसार तो नसे. मग मधेच संदेश येई: अमुक फाइल दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून द्या. ती फाइल इंटरनेटवर, इंटरनेट वायफायवर आणि वायफाय त्या फाइलवर अडलेलं. नवशिका तिथेच हात टेकत असे. फर्मवेअरसह तयार केलेली अनधिकृत प्रतही होती, पण ती शोधूनच काढावी लागे. पुढे नव्या लॅपटॉपांत आवाजासाठीही असंच फर्मवेअर लागू लागलं. त्यामुळे पडद्यावरचा मजकूर ऐकून इन्स्टॉल करणाऱ्या अंध व्यक्तीपुढे इन्स्टॉलर मुकाच राहू लागला. शुद्धतेची किंमत कुणी मोजायची, हा प्रश्न इथे फार टोकदार होतो.

छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात उषस्ती चाक्रायणाची गोष्ट आहे. कुरुदेशात पीक बुडालं, अन्नान्न दशा झाली. एका गावात एक जण हलक्या प्रतीचे उडीद खात बसला होता, उषस्तीनं त्याच्याकडे तेच मागितले. दुसरे नाहीत, ताटातलेच आहेत, असं तो म्हणाला. उषस्तीनं ते उष्टे उडीद घेतले. मग त्यानं पाणीही पुढे केलं, तेव्हा उषस्ती म्हणाला, हे उष्टं आहे, नको. उडीद उष्टे नव्हते काय, या प्रश्नावर त्याचं उत्तर सरळ होतं: ते खाल्ले नसते तर जगलो नसतो, पाणी मला हवं तिथे मिळेल. प्राणसंकटात अन्नाचे नियम सुटतात हे सांगताना ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायावरच्या भाष्यात शंकराचार्यांनी हीच कथा पुढे ठेवली आहे.

२०२२ साली डेबियनच्या सदस्यांनी जे केलं ते या गोष्टीच्या फार जवळ जातं. प्रकल्पाचे माजी प्रमुख स्टीव्ह मॅकिंटायर यांनी विषय ऐरणीवर आणला, पर्यायांवर मतदान झालं आणि करार बदलायला लागणारं तिनास एक बहुमत मिळालं. १ ऑक्टोबर २०२२ पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्ये बंद फर्मवेअर ठेवण्याची मुभा झाली आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये ते आलं. पण ते मुख्य भांडारात मिसळलं नाही. त्याचा वेगळा कप्पा केला, त्याला तसं नाव दिलं, आणि नको असणाऱ्याला ते सुरुवातीलाच बंद करता येतं. उडीद घेतले आणि ते उष्टे आहेत हेही सांगितलं. लिहायचं साधन किंवा ब्राउझर मात्र मुक्तच, कारण ते पाणी सगळीकडे मिळतं.

स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला अशी तडजोड मान्य नाही. पण त्यांच्याकडेही एक पळवाट आहे. फर्मवेअर उपकरणातच कायमचं कोरलेलं असेल आणि बदलायचं नसेल, तर ते विद्युत मंडलासारखं समजून दुर्लक्षिलं जातं. म्हणजे तोच बंद प्रोग्राम चिपमध्ये लपला तर चालतो, फाइल होऊन समोर आला तर विटाळ. दृष्टीआड सृष्टी. स्टॉलमन यांच्या बाजूनं तर्क आहे, की जे कुणालाच बदलता येत नाही त्यावर उत्पादकाचीही सत्ता उरत नाही. तर्क खोटा नाही. तरी डेबियनचं उघड पाप यापेक्षा प्रामाणिक वाटतं.

आक्षेप मात्र एक राहतो आणि तो उषस्तीलाही लागू आहे. त्यानं उरलेले उडीद बायकोला नेऊन दिले. तिला तोवर भिक्षा मिळाली होती, तिनं ते ठेवून दिले. दुसऱ्या सकाळी तेच उष्टे आणि आता शिळे उडीद खाऊन तो राजाच्या यज्ञात काम मिळवायला निघाला. संकट किती दिवस संकट राहतं? इन्स्टॉलरमध्ये कायमची जागा मिळालेला अपवाद हळूहळू अपवाद वाटेनासा होतो. उबुंटूच्या इन्स्टॉलरमध्ये तर ही सारी मीमांसा एका चौकोनात बसते: ग्राफिक्स आणि वायफायसाठी बाहेरचं सॉफ्टवेअर घालायचं का? खूण करा आणि पुढे जा.

शिवाय वायफाय नसणं हे खरंच प्राणसंकट आहे का? एआर ९२७१ या जुन्या चिपचं फर्मवेअर २०१३ साली मुक्त झालं. त्या चिपचा यूएसबी डोंगल जोडला की बंद फाइल लागत नाही. वेग कमी आणि फक्त २.४ गिगाहर्ट्झ, पण पाणी मिळतं. मायक्रोकोडला, म्हणजे प्रोसेसरच्या स्वतःच्या फर्मवेअरला, मात्र असा पर्याय नाही. इंटेल असो वा एएमडी, तो बंदच. त्याचं नवं रूप नाकारलं तरी चिपमध्ये मुळातच कोरलेलं जुनं, तितकंच बंद रूप चालू राहतं. फक्त २०१८ साली उघड झालेल्या स्पेक्टरसारख्या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटींवरची त्या वाटेनं येणारी दुरुस्ती मिळत नाही.