‘आम्ही’ आणि ‘मी’

वृत्तपत्राचा संपादक स्वतःस ‘आम्ही’ म्हणवितो, तो केवळ मानाचा बहुवचनी प्रयोग नव्हे. बातमीदार, उपसंपादक, मुद्रितशोधक अशा अनेकांच्या नजरेखालून मजकूर गेला आहे, अशी ग्वाही त्या शब्दात असते. बातमी कागदावरून संकेतस्थळावर गेली, तेव्हा हा ‘आम्ही’ही तिच्याबरोबर गेला. वृत्तव्यवहारावर एकट्याने टीकाटिप्पणी करणारा ब्लॉगलेखक मात्र ‘मी’ म्हणून बोलतो. एकाची रीत आधी पडताळा, मग प्रसिद्धी; दुसऱ्याची बहुधा आधी प्रसिद्धी, मग वाचकांकरवी पडताळा. यांपैकी विश्वास कोणावर ठेवावा?

अमेरिकेतील दोन प्रसंग येथे उद्बोधक आहेत. ऑगस्ट १९९७ मध्ये मॅट ड्रज यांनी एकहाती चालविलेल्या आपल्या वार्तापत्रात, अध्यक्षांच्या एका सल्लागाराने पत्नीस मारहाण केल्याचे वृत्त दिले. ते निराधार होते. ड्रज यांनी दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. परंतु एका दिवसात शब्द केवढा प्रवास करतो!

दुसरा प्रसंग याच्या उलट. ८ सप्टेंबर २००४ रोजी सीबीएस या मातब्बर वाहिनीने अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या लष्करी सेवेविषयी काही कागद, १९७२-७३ सालचे म्हणून, दाखविले. त्या काळच्या टंकयंत्रावर अशी अक्षरे उमटतील काय, असा प्रश्न ब्लॉगलेखकांनी लगोलग केला. वाहिनी आपल्या म्हणण्यास चिकटून राहिली. कागदांचा खरेपणा आपण सिद्ध करू शकत नाही, हे कबूल करावयास २० सप्टेंबर उजाडावा लागला. पुढे चौकशी झाली आणि २००५ साली चौघांवर पद गमावण्याची पाळी आली.

तेव्हा अनेकांची नजर म्हणजे सत्य नव्हे, आणि एकट्याचे धैर्य म्हणजेही सत्य नव्हे. चूक झाल्यावर ‘आम्ही’ प्रतिष्ठेच्या आड उभा राहतो. चूक पुसणे सोपे, म्हणून ती करणेही ‘मी’ हलके मानतो. वस्तुतः चूक आणि दुरुस्ती यांमधला काळ त्या दोघांपैकी कोणीच भोगत नाही. तो भोगतो ज्याच्याविषयी लिहिले गेले तो तिसरा माणूस. त्याच्याशी न्यायाने वागावयाचे, तर ‘मी’ने लिहिण्यापूर्वी थांबावयास शिकले पाहिजे, आणि ‘आम्ही’ने लिहून झाल्यावर वाकावयास. विश्वासाची कसोटी लेखणीमागे हात किती आहेत ही नव्हे. त्या तिसऱ्याचे मुख लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे होते की नाही, ही आहे.