निर्जनतेचा पहारा

आर्क्टिकच्या सहलींच्या जाहिरातींत एक छायाचित्र हमखास असते. क्षितिजापर्यंत पांढरे पठार, त्यावर एक स्नोमोबाइल आणि एकटा माणूस. प्रत्यक्षात त्या माणसाच्या मागेपुढे आठ-दहा गाड्यांची रांग असते, आघाडीला रायफल घेतलेला गाइड असतो, आणि रांग ज्या वाटेने जाते ती कालच्या रांगेने दाबून पक्की केलेली असते. या विसंगतीला हसणे सोपे आहे. शांतता अनुभवायला इंजिन घेऊन निघालेली माणसे, एवढे म्हटले की टीका पूर्ण होते. पण ती टीका एक गोष्ट गृहीत धरते: निर्जनता तिथे आधीपासून आहे आणि इंजिनवाले येऊन ती बिघडवतात. हे गृहीतकच तपासायला हवे.

त्यासाठी स्वालबार्डइतकी चांगली जागा नाही. नॉर्वेची मुख्य भूमी आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मधोमध हा द्वीपसमूह आहे. लाँगइयरब्येन हे त्यातले मुख्य गाव ७८ अंश उत्तर अक्षांशावर, वस्ती अडीच हजारांच्या आसपास. गावातले रस्ते काही किलोमीटरांवर संपतात. एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीला जाणारा रस्ताच नाही. हिवाळ्यात डॉक्टर, शिक्षक, सगळ्यांचे वाहन स्नोमोबाइल. ऑक्टोबरअखेर मावळलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही, आणि डोंगरांमुळे गावात ऊन पोचायला मार्चचा दुसरा आठवडा उजाडतो. मग मेच्या सुरुवातीपर्यंत पाहुण्यांचा हंगाम.

एका दिवसाची पूर्व किनाऱ्याची सहल घ्या. सकाळी अंगावर जाड एकसंध सूट, पायांत गुडघ्यापर्यंत येणारे बूट, डोळे सोडून सगळे झाकणारी टोपी, वर हेल्मेट. उणे २० अंशांत ताशी ५० किलोमीटरने गाडी हाकली की उघड्या त्वचेला तो गारठा उणे ३५सारखा लागतो, म्हणून गाडीच्या मुठीसुद्धा विजेने तापवलेल्या असतात. ड्रायव्हिंग लायसन्स लागते. दारूची मर्यादा इतकी कडक की आदल्या रात्रीचा जास्तीचा पेलाही भोवू शकतो. गाइड हातांच्या खुणा शिकवतो: थांबा, हळू, इंजिन बंद. ओळ सोडायची नाही, पुढच्याला ओलांडायचे नाही. अ‍ॅडव्हेंटडालेन या दरीतून, जुन्या खाणींच्या खालून, हिमनद्यांवरून रांग पूर्वेला मोनबुख्ता नावाच्या उपसागराकडे निघते. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत कोरड्या जेवणाच्या पाकिटात गरम पाणी ओतून जेवण, आणि जेवतानाही गाइडची नजर भोवताली.

या दिवसात पाहुणा स्वतः जवळजवळ काहीच ठरवत नाही. कुठे वळायचे, कुठे थांबायचे, बर्फ पेलेल की नाही, हवा फिरली तर परत कधी फिरायचे, सगळे गाइड ठरवतो. साहसाच्या नावाखाली विकली जाणारी ही सहल खरे तर आज्ञाधारकपणाचा एक दिवस असते. अनेकांना हे फसवणुकीसारखे वाटते. मला वाटते, त्या सहलीतला सर्वांत प्रामाणिक भाग तोच आहे.

कारण स्वालबार्डची निर्जनता निसर्गाने राखून ठेवलेली नाही. १५९६मध्ये विलेम बारेंट्सच्या डच मोहिमेला ही बेटे दिसली आणि काही वर्षांतच देवमाशांच्या शिकारीची जहाजे तिथे धडकली. किनाऱ्यावर चरबी कढवण्याच्या भट्ट्या पेटल्या आणि या पाण्यातला बोहेड देवमासा जवळपास संपला. त्यानंतर वॉलरसची पाळी. मग कातडी विकणारे शिकारी आले. आमिष ओढताच बंदूक सुटेल अशी रचना केलेल्या लाकडी पेट्या लावून त्यांनी पांढरी अस्वले मारली. हेन्री रूडी या एकट्या नॉर्वेजियन शिकाऱ्याच्या नावावर ७१३ अस्वले आहेत, आणि 'अस्वलांचा राजा' ही त्याची कौतुकाची पदवी होती. १९०६मध्ये अमेरिकन उद्योजक जॉन मन्रो लाँगइयर याच्या कंपनीने कोळसा काढायला सुरुवात केली. गावाला नाव मिळाले ते त्याचेच. विसाव्या शतकाच्या आरंभी ही बेटे ओरबाडून सोडलेली होती. अस्पर्श म्हणावे असे तिथे फार थोडे उरले होते.

आज तिथे जे दिसते ते बंदीने परत आणलेले आहे. १९२०च्या तहाने बेटे नॉर्वेच्या ताब्यात आली. १९२५मध्ये रेनडिअरला संरक्षण मिळाले, १९५२मध्ये वॉलरसला, १९७३मध्ये पांढऱ्या अस्वलाला. आता सुमारे दोनतृतीयांश भूभाग राष्ट्रीय उद्याने आणि राखीव क्षेत्रांत आहे. १९४६पूर्वीची मानवी खूण, मग ती शिकाऱ्याची मोडकी झोपडी असो की अस्वलासाठी लावलेली बंदुकीची पेटी, कायद्याने हलवता येत नाही. म्हणजे निसर्ग आणि त्याच्या लुटीचा पुरावा, दोन्ही एकाच कायद्याखाली शेजारी शेजारी जपलेले. या निर्जनतेला कर्ता आहे आणि तारखा आहेत. ती शंभर वर्षे नेटाने केलेल्या मनाईची कमाई आहे.

स्नोमोबाइलचा जन्मही चैनीसाठी झालेला नाही. क्वेबेकमधला मेकॅनिक जोसेफ-आर्मां बोम्बार्दिए याचा लहान मुलगा १९३४च्या हिवाळ्यात दगावला. बर्फाने रस्ते बंद असल्याने त्याला इस्पितळात नेता आले नव्हते. बर्फावर चालणारे वाहन बोम्बार्दिए आधीपासूनच घडवत होता. त्याने पुढे आणलेल्या गाड्यांतून डॉक्टर, टपाल आणि शाळेची मुले जाऊ लागली. हलकी, एक-दोघांची 'स्की-डू' आली १९५९मध्ये, आणि कुत्र्यांच्या स्लेजची जागा घेणारे कामाचे यंत्र म्हणून दुर्गम भागांत तिचे स्वागत झाले.

पुढे काय झाले, याचा उत्तम अभ्यास पर्टी पेल्टो या मानवशास्त्रज्ञाने केला. 'द स्नोमोबाइल रेव्होल्यूशन' हे त्याचे पुस्तक १९७३चे. उत्तर फिनलंडमधल्या सेवेत्तियार्वी भागातले स्कोल्ट सामी दुसऱ्या महायुद्धानंतर आपली मूळ भूमी सोव्हिएत संघात गेल्याने तिथे येऊन वसलेले. १९६०च्या दशकाच्या आरंभी त्यांच्यात ही गाडी आली आणि दहा वर्षांच्या आत स्लेज ओढणारे रेनडिअर जवळपास नाहीसे झाले. प्रवास झपाट्याने सोपा झाला. पण ओढीचे जनावर घरचे होते. गाडीला पेट्रोल, सुटे भाग आणि रोख पैसा लागत होता. ज्यांना तो परवडला ते टिकले, बाकीचे हळूहळू रेनडिअरपालनातून बाहेर पडले. इंजिनाने हाकलेले कळप माणसाला बुजू लागले. यंत्राने अंतर कमी केले आणि त्या अंतराची किंमत दूरच्या बाजाराकडून ठरू लागली.

स्वालबार्डवर मूळ रहिवासी कधीच नव्हते, म्हणून सामींची ही शोकांतिका तिथे तशीच घडण्याचा प्रश्न नाही. तिथे यंत्राचा भार पडतो तो प्राण्यांवर. नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेतल्या मॅग्नस अँडरसन आणि योन आर्स यांनी २००८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नर अस्वले स्नोमोबाइल काही शे मीटरांवर आल्यावर प्रतिसाद देताना आढळली. पिल्ले असलेल्या माद्या सरासरी सुमारे दीड किलोमीटरवरूनच हलू लागत. मार्च-एप्रिलमध्ये मादी गुहेतून पिल्ले घेऊन बाहेर पडते ती कित्येक महिन्यांची उपाशी. त्याच सुमारास फ्योर्डांतल्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाड्यांतल्या, गोठलेल्या समुद्रावर, बर्फाखालच्या पोकळीत रिंग्ड सील पिल्लांना जन्म देते, आणि मादी अस्वलाची शिकार तिथेच असते. अडचण अशी की उजेड, टिकाऊ बर्फ आणि पाहुणे यांचाही हंगाम नेमका हाच.

नॉर्वेने १ जानेवारी २०२५पासून लागू केलेल्या नियमांचा रोख याच गाठीवर आहे. अस्वलापासून किमान ३०० मीटर अंतर, १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. काही फ्योर्डांत १ मार्चनंतर समुद्रबर्फावरच्या मोटारवाहतुकीवर निर्बंध. अस्वलाचा माग काढणे, त्याला आमिष दाखवणे याला तर आधीपासूनच बंदी आहे. म्हणजे 'अस्वल दाखवतो' हा धंदाच तिथे उघडपणे करता येत नाही. तरीही अभ्यासातले दीड किलोमीटर आणि कायद्यातले ५०० मीटर यांच्यात मोठी फट आहे. आपल्याला अस्वल दिसण्यापूर्वीच त्याने आपल्याला ऐकलेले असते आणि ते चालू लागलेले असते. अशा प्राण्याच्या बाबतीत मीटर मोजणे अपुरे पडते. फ्योर्डच बंद करणे हाच खरा उपाय ठरतो.

यावर गावातून आक्षेप आला, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. आम्ही इथे राहतो, हा बर्फ आम्हाला कळतो, मग नियम ओस्लोत का ठरावेत? त्यात पोटाचा प्रश्न आहे. नॉर्वेची तिथली शेवटची कोळसा खाण २०२५मध्ये बंद झाली. उरले संशोधन, विद्यापीठ केंद्र आणि पर्यटन. शिवाय या टोकावर नागरी वस्ती नांदती राहणे नॉर्वेच्या सार्वभौमत्वालाही सोयीचे आहे. रशियाची बारेंट्सबुर्ग ही खाणवस्ती त्याच बेटावर आहे. तेव्हा पाहुणे सरसकट बंद करा ही मागणी कागदावरच शोभते. मात्र या आक्षेपातूनच उलटा निष्कर्षही निघतो. ज्या गावाची रोजी निर्जनतेवर चालते, त्या गावाला निर्जनतेचा प्रत्येक कोपरा विकणे परवडणार नाही.

एक पळवाट तंत्रज्ञानाचीही सुचवली जाते. काही कंपन्यांनी विजेवरच्या, जवळजवळ निःशब्द गाड्या आणल्या. आवाज आणि धूर घटला हे चांगलेच झाले. पण लाँगइयरब्येनचे कोळशाचे वीजकेंद्र २०२३मध्ये बंद झाले आणि गाव डिझेलवर गेले. गाडीतून न निघणारा धूर आता गावात निघतो. खरा हिशेब तर याहून मोठा आहे. दोनशे किलोमीटरच्या फेरीत एका गाडीला तीस-चाळीस लिटर पेट्रोल लागले, तर त्यातून सत्तर ते नव्वद किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. मुंबईहून ओस्लोमार्गे लाँगइयरब्येनला विमानाने जाऊन येण्याचा एका प्रवाशाचा वाटा ढोबळमानाने दीड ते दोन टन, म्हणजे जवळपास वीसपट. गोंगाट स्नोमोबाइल करते म्हणून शिव्या तिला बसतात. बर्फ वितळवण्यात विमान कितीतरी पुढे आहे. ११ ऑगस्ट २०२४ रोजी लाँगइयरब्येनमध्ये तापमान २० अंशांच्या वर गेले, ऑगस्टसाठी हा विक्रम होता. हिवाळ्यातही पाऊस पडू लागला आहे. तो गोठून जमिनीवर कवच धरतो आणि रेनडिअरला खालचा चारा मिळेनासा होतो. टेम्पेलफ्योर्डमध्ये काही वर्षे एक डच शिडाचे जहाज हिवाळाभर मुद्दाम गोठवून ठेवत आणि सहली तिथे मुक्कामाला जात. आता फ्योर्डातल्या बर्फाचा तेवढा भरवसा राहिलेला नाही. म्हणजे पाहुणा जे पाहायला येतो ते त्याच्या येण्यानेच थोडे थोडे उणे होते.

या हिशेबात आपणही आहोत. स्वालबार्ड तहात भारत ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून आरंभापासून आहे. गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे 'हिमाद्री' हे ठाणे २००८पासून त्याच बेटांवर, नी-ओलेसुंदला आहे, आणि डिसेंबर २०२३पासून भारतीय शास्त्रज्ञ तिथे ध्रुवीय रात्रीतही काम करू लागले. आर्क्टिकमधले बदल आणि आपला मोसमी पाऊस यांचा संबंध समजून घेणे हा त्यांचा एक हेतू. त्यांचे जाणे आणि सहलीला जाणे एकाच मापाने मोजता येणार नाही, कारण एकाच्या हाती येणारी माहिती सगळ्यांची असते आणि दुसऱ्याचा अनुभव त्याच्यापुरता. पण लक्षात घेण्यासारखे हे की नी-ओलेसुंदमध्ये नाजूक उपकरणांना बाधा नको म्हणून वाय-फाय, ब्लूटूथवर बंदी आहे. शास्त्रज्ञही तिथे स्वतःच्या सोयीला मुरड घालूनच राहतात. हेतू उदात्त आहे म्हणून त्यांना सूट नाही.

पाहुण्याकडून यापेक्षा वेगळी अपेक्षा का ठेवावी? जाऊच नये असे मी म्हणत नाही. माणसांनी पाहिलेल्या जागेसाठी माणसे भांडतात, हेही खरे आहे. पण जायचे तर दोन अटी मान्य करून. पहिली, वर्षाआड नवे टोक गाठण्याच्या यादीतले एक म्हणून नव्हे, तर एवढे कार्बन खर्चून जाण्याजोगे हे एकच ठिकाण आहे असे समजून, जास्त दिवसांसाठी. दुसरी, गाइडच्या 'नाही'ला सहलीतला तोटा न मानता. वारा फिरला म्हणून अर्ध्यातून परत आणणारा, अस्वल लांब दिसताच रांग उलटी वळवणारा गाइड पैसे वसूल होऊ देत नाही असे वाटते. वास्तविक आपण पैसे दिलेले असतात ते त्याच्या याच अधिकारासाठी. म्हणून सहल ठरवताना 'काय काय दाखवाल?' याआधी 'कुठे नेणार नाही?' हे विचारावे. ज्या कंपनीकडे या प्रश्नाचे नेमके, ठिकाणे आणि तारखांसह उत्तर असेल, तिच्याबरोबर जावे. उत्तर नसेल, तर ती निर्जनता विकत नसून संपवत आहे, असे समजायला हरकत नाही.