डबा कुठे संपतो?

‘माझ्या मशीनवर तर चालतंय!’ हे आम्हा प्रोग्रामरांचं जुनं पालुपद. २०१३ साली आलेल्या डॉकरने त्यावर तोड दिली: कोड, लायब्ररी, सेटिंग सगळं एका डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, बंद करा, लॅपटॉपवर चालतं तसंच सर्व्हरवर चालेल.

पण डबा स्वतंत्र नसतो. एका होस्टवरचे सगळे कंटेनर एकच कर्नल वापरतात. एकाला मेमरीची मर्यादा घातली नाही, तर तो शेजाऱ्याचा घास खातो. मेमरी संपली की कर्नल कुणाला तरी मारतो. मरणारा दोषीच असतो असं नाही.

आणि होस्टच्याही पलीकडे माणूस असतो. २०१७च्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते. आमच्या यवतमाळातही शेतकरी निंदण सोडून केंद्रापुढे रांगेत उभे होते. मुदत १५ सप्टेंबरवरून २२वर न्यावी लागली. असं एखादं पान उघडलं नाही, तर बुडालेला दिवस कुणाच्या खात्यावर?

‘कंटेनर चालू होता,’ आपण म्हणू. खरंही असेल. पण अर्ज जमा झाला का, हे ज्याने पाहिलंच नाही, त्याचं ‘चालू’ म्हणजे जुनंच पालुपद, फक्त नव्या डब्यात. मेमरीची मर्यादा लिहिणं ही एका ओळीची गोष्ट. ती लिहायची की नाही, हा मात्र सचोटीचा प्रश्न आहे.