बाळाची जन्मतारीख

सुपम माहेश्वरींनी २००० साली पुण्यात ब्रेनव्हिसा ही कंपनी काढली. मोठ्या कंपन्यांना ई-लर्निंगचे अभ्यासक्रम तयार करून द्यायचे, हा तिचा धंदा. २००७ मध्ये ती विकली आणि २०१० साली अमिताव साहांच्या जोडीने फर्स्टक्राय हे लहान मुलांच्या वस्तूंचं ऑनलाइन दुकान सुरू केलं. संगणकातला माणूस थेट दुपट्या-झबल्यांत शिरला, असं वरवर दिसतं.

अभ्यासक्रम करून देणाऱ्याला गोदाम लागत नाही. ऑर्डर आली की माणसं कामाला लावायची. दुकानदाराला आधी पदरचे पैसे घालून माल भरावा लागतो. त्यात लहान मुलांचे कपडे म्हणजे फारच अवघड प्रकरण. एकच झबलं घ्या: शून्य ते तीन महिने, तीन ते सहा, सहा ते नऊ, नऊ ते बारा, प्रत्येकात चार रंग. झाले सोळा प्रकार, आणि गिऱ्हाइकाला हवा असतो सतरावा! उरलेल्यात भांडवल अडकून बसतं.

तरी या धंद्यात एक सोय आहे, जी इतर कापडवाल्याला नाही. गिऱ्हाईक केव्हा काय मागणार, हे आधी ठरलेलं असतं. एकदा जन्मतारीख कळली की सहाव्या महिन्यात उष्टावणाची वाटी-चमचा, वर्षाच्या सुमारास पहिले बूट, मधल्या काळात डायपरचे वाढते साइज, अशी यादीच हाती येते. साइटवर बाळाची माहिती भरली की पुढची खरेदी सुचवणं हे मग संगणकाचं काम.

ही बाळं गाठायची कुठे? प्रसूतिगृहात. फर्स्टक्रायने बाळंतिणींना तिथेच भेटीचा खोका द्यायला घेतला. आत नमुन्याच्या वस्तू आणि कूपनं. जन्मतारीख सगळ्यांत आधी कळते ती तिथेच, म्हणून माझ्या मते माहेश्वरींचा सॉफ्टवेअरचा संस्कार वेबसाइटपेक्षा या पुठ्ठ्याच्या खोक्यात जास्त दिसतो.

पण सगळं काही पडद्यावर भागत नाही. आजी कापड चिमटीत धरते, झबलं उलटं करून आतली शिवण गालाला टोचेल का ते बघते, मगच घ्या म्हणते. म्हणून फ्रँचायझीची दुकानं आली. त्यांत पैसा स्थानिक मालकाचा, नाव कंपनीचं. बेबीहग हा घरचा ब्रँडही आला, कारण काय खपतं हे ठाऊक असताना दुसऱ्याच्या मालावर थोडक्या नफ्यात समाधान का मानावं?

ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. त्याआधीच्या आर्थिक वर्षात उलाढाल सुमारे ६,४८० कोटींची होती आणि तोटा सुमारे ३२१ कोटींचा. तोट्याला कारणं अनेक असतील, पण जन्मतारखेची दुसरी बाजूही आहेच. अभ्यासक्रम घेणारी कंपनी वर्षानुवर्षं गिऱ्हाईक राहू शकते; इथलं गिऱ्हाईक मात्र मोठं होतं आणि निघून जातं. त्याच घरात दुसरं मूल जन्मलं, तर ट्रंकेत थोरल्याचे कपडे धुऊन ठेवलेले असतात.