वेदना आणि प्रमाण

त्वचेत पसरलेले सर्वांत बारीक चेतातंतू ऊब, गारवा आणि वेदना यांची वर्दी मेंदूला देतात. घाम, हृदयाची गती आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या स्वायत्त चेतासंस्थेचे बरेच तंतूही असेच बारीक असतात. म्हणून मधुमेहात तळपायांची आग आणि उभे राहताच येणारी चक्कर एकाच रुग्णात आढळू शकते. नेहमीची चेतावहन चाचणी जाड तंतूंचा वेग मोजते. बारीक तंतू बिघडले तरी तिचा अहवाल निर्दोष येऊ शकतो.

अशा वेळी सुई न टोचता संवेदनेचा उंबरठा मोजतात. त्वचेवर लहानशी पट्टी ठेवून तिचे तापमान साधारण ३२ अंश सेल्सिअसपासून, बहुधा सेकंदाला एका अंशाने, चढवतात किंवा उतरवतात. फरक जाणवताच रुग्ण बटण दाबतो. भाजू नये म्हणून ५० अंशांच्या आसपास यंत्र थांबते. मिळालेला आकडा त्याच वयाच्या निरोगी माणसांच्या आकड्यांशी ताडला जातो. गुस्टाव्ह फेखनरने १८६० साली ग्रंथरूपाने मांडलेल्या मनोभौतिकीचा, म्हणजे उद्दीपन आणि संवेदना यांचे नाते मोजणाऱ्या शास्त्राचा, हा वारसा.

येथे मोजले काय जाते? हे ठरवायला प्रमाणांचा, म्हणजे ज्ञानाच्या साधनांचा, विचार करावा लागतो. न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे मानते. त्याच्या मते दुःख हा आत्म्याचा गुण असून मनाला त्याचे प्रत्यक्ष होते, पण ते स्वतःच्याच दुःखाचे. परक्याचे दुःख खुणांवरून अनुमानाने जाणायचे किंवा त्याच्या शब्दावरून. सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने ‘संतानान्तरसिद्धि’ या ग्रंथात परक्या चित्ताचे अस्तित्वही अनुमानानेच सिद्ध केले: आपल्या कृतीआधी आपली इच्छा असते, म्हणून तशीच कृती दुसऱ्याकडून घडली की तिच्यामागेही चित्त मानावे लागते.

यंत्राच्या वाट्याला पट्टीचे तापमान आणि बटण दाबल्याचा क्षण एवढेच येते. बटण दाबणे ही रुग्णाची साक्षच, फक्त एका खुणेपुरती आखडलेली. प्रश्न दर वेळी सारखाच विचारला जाईल, याची हमी यंत्र देते. उत्तर मात्र रुग्णाच्या लक्षावर, भीतीवर, थकव्यावर हलते. बिघाड त्वचेजवळ आहे की मेंदूत, हेही आकडा सांगत नाही. घामाच्या चाचणीत रुग्णाला काही विचारावे लागत नाही. पण तिच्यातून कळते ते घामाच्या ग्रंथी आणि त्यांच्या तंतूंविषयी, आग किती होते याविषयी नव्हे.

शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, आणि नैयायिकांच्या लेखी आप्त म्हणजे वस्तू स्वतः जाणून ती जशी आहे तशी सांगणारा. स्वतःच्या वेदनेबाबत पहिली अट रुग्णच पुरी करतो. दुसरीचा निवाडा या चाचणीला करता येत नाही. सोंग आणि आजार यांतला भेद ती खात्रीने दाखवत नाही. उंबरठा बिघडलेला निघाला, तर रुग्णाच्या शब्दाला अनुमानाचे बळ मिळते. तो ठीक निघाला, तरी तेवढ्यावरून तो शब्द खोटा ठरत नाही.