खात्रीची खूण



मानसरोवर स्थानकातून निघणाऱ्या गाडीची वाट रुळांनी ठरवलेली असते. ओरिएंटीअरिंगच्या शर्यतीत मात्र आखलेली वाटच नसते. १९१९ साली स्टॉकहोमजवळ एर्न्स्ट किलांडर यांनी अशी मोठी शर्यत भरवली. हाती नकाशा व होकायंत्र. रानातील ठाणी ठरलेल्या क्रमाने गाठायची. एक जरी ठाणे सुटले, तरी वेगाला किंमत उरत नाही. म्हणून लांब पल्ल्याच्या सरावात पायांइतकीच नजरही तयार करतात. नकाशावर अंगठा ठेवून आपण कुठे आहोत हे पडताळत धावायचे. दमलेला माणूस समोर दिसेल ते नकाशात बसवू पाहतो आणि तिथेच भरकटतो.

आपणही दमतो. लोकलची धावपळ, घराचे हप्ते, मुलांच्या परीक्षा यांत ‘चाललो आहोत तीच वाट बरोबर’ अशी आपण मनाची समजूत घालतो. जाणता धावपटू शंका येताच थांबतो आणि शेवटच्या खात्रीच्या खुणेपाशी परततो. पश्चात्तापाचा मार्ग तोच आहे.

‘ओरिएंट’ म्हणजे उगवती. प्राचीन ख्रिस्तमंदिरांच्या वेद्याही बहुधा पूर्वाभिमुख असत. या रविवारी वेदीपुढे क्षणभर थांबू या, उगवती ओळखू या आणि मगच पुढचे पाऊल टाकू या.