सभेच्या दाराबाहेर

जन्मावर शिक्का मारणारं डोकं फक्त आपल्याच गावात असतं असं मी समजत होतो. मग पाळी सुटल्यावर व्हर्जिनियाचा इतिहास वाचला.

१६१९ च्या जुलैत या इंग्रज वसाहतीत, जेम्सटाउनच्या चर्चमधी, निवडलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा बसली. पुस्तकं तिला लोकशाहीची पहाट म्हणतात. महिन्याभरात तिथं वीसेक आफ्रिकी माणसं उतरवली, धान्याच्या बदल्यात. तंबाखूला हात पायजे होते.

१६५६ साली एलिझाबेथ की ही बाई कोर्टात जिंकून सुटली. आई गुलाम; पण बाप इंग्रज, अन् हिचा बाप्तिस्मा झालेला. इंग्रजी रिवाजानं मूल बापाच्या दर्जाचं.

सभेनं दोन्ही दारं लावली. १६६२ : मूल आईच्या दर्जाचं. म्हंजे मालकानं बाई नासवावी, अन् स्वतःचंच लेकरू मालमत्तेच्या वहीत मांडावं! १६६७ : बाप्तिस्म्यानं गुलामी सुटत नाही. देवाचं घर उघडं, बेडी तशीच.

हे कुणा राजानं केलं नाही, निवडून आलेल्यांनी केलं. मग निवडून येणं म्हंजे न्याय का? आपल्या बैठकीत बहुमतानं ठराव झाला की मी आता आधी बघतो, ठराव कुणाबद्दल हाय, अन् ती माणसं आत बसलीत का. परवा आपल्या बायाबापड्यांबद्दलचा ठराव झाला. आत एकही बाई नव्हती.